तीन बाइटची फट

ओउलूत नोव्हेंबरमध्ये तीन वाजताच दिवे लागतात.
नदीचं अजून ठरत नाहीये, गोठायचं की नाही,
आणि तुलिक्की, ओले बूट हीटरपाशी ठेवून,
लोकरी मोज्यांत,
अकराव्या दिवशी तेच फंक्शन उघडते.

तक्रार अशी नव्हतीच.
पॅकेटं जात होती, पोचत होती,
समोरचं मशीन मुकाट पोच देत होतं.
फक्त तपासणीच्या यंत्राने पहाटे एक ओळ छापली:
इथून जे बाहेर जातंय, त्यातलं काही
कोणी लिहिलेलंच नाही.

मग ते आलं कुठून?

तिने मला कागदावर चौकोन काढून दाखवले.
एक बाइट प्रकाराचा. पुढे चार पत्त्याचे.
पत्त्याला चारच्या पाढ्यात बसायची सवय,
म्हणून मधे तीन घरं सुटतात.
त्यांना नाव नाही, त्यांत कोणी राहत नाही.
"राहत नाही," ती म्हणाली,
"पण आधीचा गेलाय सामान ठेवून."

पडद्यावर ती तीन घरं.
बहुतेकदा कचरा. क्वचित एखाद्या किल्लीचा तुकडा,
कोणाच्या तरी कुलुपाचे चोवीस बिट.
आणि एकदा, स्वच्छ रोमन अक्षरं.
तिने मोठ्याने वाचली: इति.
"ऍइति मधलं उरलेलं," म्हणाली. "आई."
कोणी लिहिलं, कोणाला, पाठवलं की खोडलं,
यंत्राला काय ठाऊक.
मी गप्प राहिले. माझ्याकडे इति म्हणजे संपलं,
पोथीच्या शेवटी येतं ते.

पहिली दुरुस्ती फसली.
तिने कंसात शून्य लिहिलं, सगळे शिकवतात तसं.
कंपायलरने नावाची घरं झाडली,
निनावी राहू दिली,
पाहुण्यांपुरती ओसरी सारवावी तशी.

मग ती एक ओळ:
आधी अख्खी जागा शून्य, बाकीचं नंतर.
योएन्सूहून पेन्ट्टीने विचारलं,
दर पॅकेटला एवढं पुसायचं? वेगाचं काय?
तिने मोजलं. दोन नॅनोसेकंद.
मी तिला सांगितलं, आमच्यात शेजारणीचं भांडं
रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात.
ती हसली. "इथे रिकामंच द्यायचं. विसळून.
साखर असली तरी."

फाइलीच्या माथ्यावर नाव होतं: इल्पो यल्कानेन, सत्त्याण्णव.
आता हाइलुओतो बेटावर जाळी विणतो.
तिने फोन लावला, चूक सांगायला नाही म्हणे.
बराच वेळ पलीकडे नुसता वारा.
"मला मेमरी कोरीच मिळायची," तो म्हणाला,
"निदान मी कधी बघितलं नाही."
मग विचारलं, तुमच्याकडे बर्फ धरलं का?

बदल स्वीकारला गेला, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत.
इतकी वर्षं बाहेर पडलेल्या तीन-तीन बाइटांना
परत हाक मारायची काही सोय नाही.
त्याबद्दल आम्ही बोललो नाही.

निघताना तिने बूट उचलले.
बाहेरून कोरडे ठणठणीत.
तिने आत हात घालून पाहिला.