चौथी कळ

लिस्बनच्या स्टुडिओत, काचेमागे बसून
मी लोकांचं बोलणं टाइप करते.
पडद्याच्या तळाशी दोन ओळी,
ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी.

निवडणूक आली की बोटं वाचवावी लागतात.
म्हणून काही वाक्यं
एकेका कळेवर बसवून ठेवली आहेत.
पहिली कळ: आपली परवानगी असेल तर.
दुसरी: मी आपल्याला मध्येच थांबवलं नव्हतं.
चौथी: आपल्याविषयी पूर्ण आदर राखून.
तिसरी मोकळी आहे.
तिच्यावर 'माझं चुकलं' होतं,
दोन निवडणुका ती लागलीच नाही.

आज डॉक्टर बारेतु आणि इंजिनियर लोरिन्यु.
इथे पदवी टायसारखी गळ्यात असते,
भांडतानाही सैल करत नाहीत.
"डॉक्टरसाहेबांची मतं मी मन लावून ऐकते,"
बाई म्हणतात,
"दर वेळी नवीन असतात ना."
शालजोडीतला.
डॉक्टर मान लववतात,
शाल ठेवून घेतात, जोडा परत करतात:
"बाईंच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही.
शंका त्यांच्या हिशेबनिसाला आहे."
चौथी कळ. चौथी. पहिली. चौथी.
सूत्रसंचालक एर्मिनिया दोघांचे आभार मानते,
पुन्हा मानते.
आभारात अठरा सेकंद गेले.
नदीपलीकडच्या बंद प्रसूतिगृहाला
अकरा मिळाले.

मग ब्रेक. माइक चालूच राहतो.
"तुझ्या आईचं ऑपरेशन झालं का गं?"
डॉक्टर विचारतात.
"झालं रे. ती बाटली दे इकडे."
हे टाइप करायचं नसतं.
माझी बोटं हवेत थांबतात.
तासभर दोघं आपण, आपण म्हणत होते
आणि त्यात आपण कुणीच नव्हतो.

रात्री उशिरा सेतुबालला, घरी.
बाबा अजून टीव्हीसमोर.
गोदीत चाळीस वर्षं पत्रे ठोकले,
कान तिथेच राहिले.
मी खुणेनं विचारलं, ओळी नीट दिसल्या?
त्यांनी हात झटकला.
तुझ्या ओळी कोण वाचतो?
मी त्यांचे अंगठे बघतो.
आदर आला की पांढरे पडतात,
त्याचा टेबलाच्या कडेवर,
तिचा पेनाच्या टोपणावर.
पंधरा वेळा, म्हणाले. मोजलेत.

सकाळी मी नोंद काढून पाहिली.
चौथी कळ: सोळा.

एकदा बाबांचा डोळा लागला असेल.
किंवा एकदा,
दोघांपैकी कुणीतरी एकदा,
ते खरंच म्हणालं असेल.
कुठल्या मिनिटाला, हे शोधत
मी अजून टेप मागेपुढे करते आहे,
आवाज बंद ठेवून.