त्रेसष्ट

तापकीर गल्ली, दुसरा मजला, जिन्यात बल्ब नाही.
खरवंडीकरांनी डिस्क रुमालात बांधून आणलेली.
"नवी आहे हो, पण सेव्ह म्हटलं की विचारात पडते."

उघडून पाहिलं.
पार्टिशन त्रेसष्टाव्या सेक्टरपासून,
जुन्या डिस्कवरनं जसंच्या तसं उतरवलेलं.
हिच्या पोटातली घरं मात्र आठ-आठ सेक्टरांची,
आणि आठी आठी चौसष्ट.

एकानं हुकलंय.
म्हणून प्रत्येक ठोकळा दोन घरांत पाय टाकून उभा.
एक काना बदलायचा
तर दोन्ही घरं उचला, वाचा, पुन्हा मांडा.

मी पावतीच्या पाठीवर चौकोन काढत होतो.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला.
"एक खिळा सरकला की पानभर भोगावं लागतं.
एकतीस वर्षं जुळारी होतो मी, शनिवारात."

सगळा माल दुसरीकडे काढून ठेवला.
चहा आला, साय धरून बसला.
नवी सुरुवात : दोन हजार अठ्ठेचाळीस.

"आणि त्याच्या आधीची जागा?"
"रिकामी. एक तक्ता सोडला तर."

टेबलाच्या डाव्या कडेला
त्यांनी नखानं उभी रेघ ओढली.
"समास म्हणा की."