चार मीटर

वाल्पराइसोचं हे इस्पितळ टेकडीला टेकून उभं.
समुद्राकडून आलात तर दार पहिल्या मजल्यावर,
वरच्या गल्लीतून शिरलात तर पाचव्या,
आणि दोन्हीकडचे लोक शपथेवर सांगतात,
आम्ही तळमजल्यावर आहोत.

उपग्रहाचा वशिला इथे उंबऱ्यापर्यंतच.
आत मी, छताला चिकटवलेली बिल्ल्याएवढी यंत्रं,
आणि फोनमधला निळा ठिपका,
जो परवा शस्त्रक्रियागृहाची भिंत ओलांडून
निवांत रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये जाऊन बसला.

एदुविहिस बावीस वर्षं इथली फरशी पुसते.
माझ्या नकाशावर तिनं ओलं बोट ठेवलं:
"हे दार चारनंतर बंद. ही लिफ्ट रुसते.
आणि ही खोली दाखवू नकोस, इथे मी पाय पसरते."
खोडली.

मग क्ष-किरण विभागातून कर्करोगाच्या वॉर्डाकडे जाणारी
माझी सगळ्यात जवळची वाट पाहून तिनं मान हलवली.
"खिडकीवरून ने त्यांना."
चार मीटर लांब पडेल, मी म्हणाले.
"पडू दे. तिथून बंदर दिसतं.
रिपोर्ट हातात आला की माणसं तिथे टेकतात.
काचेवरचे कपाळांचे डाग कोण पुसतं,
तुला काय माहीत."

गणिताला खिडकी कळत नाही, अंतर कळतं.
रात्री मी त्या पट्ट्याची लांबी खोटी लिहिली:
शून्य.

आज चाचणीत चौदा ठिपके तिकडून गेले.
एक अजून हललेला नाही.
पडद्यावर प्रश्न उमटतो: मार्ग पुन्हा शोधू?

तो प्रश्न मी बंद करते,
तेवढ्या खिडकीपुरता.