रकाना एकोणीस

"आजाराची सुरुवात केव्हा झाली?"
रकाना जेमतेम दोन बोटांचा.
मी लिहिते: मार्चमध्ये, डोळे पिवळे दिसले तेव्हा.
मग खोडते.

लायल, एकाहत्तर सालीच ना रे?
रसदीचं हेलिकॉप्टर चार दिवस आलं नाही
आणि नदीकाठच्या एका म्हातारीनं
केळीच्या पानावर मासा पुढे केला,
लिंबू पिळलेला, कच्चाच.
त्या वर्षात त्याहून चवदार काही खाल्लं नाही म्हणायचास.
त्या देशाबद्दल एवढंच सांगायचास.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंत असू शकतो.
पानासारखा चपटा, नखाएवढा.
पित्तनलिकेत वीस-पंचवीस वर्षं राहतो,
मरतो, तरी वण ठेवतो.
म्हणजे आपल्या लग्नात तो होता.
इंग्रिडच्या बारशाला होता.
जानेवारीत गोठलेल्या तळ्याला भोक पाडून
तू गळ सोडून बसायचास तेव्हाही.
तू आणलेला मासा मी काळा पडेस्तोवर तळायचे,
तू हसायचास.

फार्गोहून पत्र आलं:
सेवाकाळातील नोंदींत अशा आजाराचा उल्लेख आढळत नाही.
आढळतं ते असं: दोन दातांत चांदी, पायाला बुरशी,
एक हरवलेलं ब्लँकेट, त्याचे पगारातून कापलेले पैसे.
ब्लँकेट सापडलं त्यांना, घास नाही.
वाचून पित्त खवळलं माझं,
आणि मग तो शब्दच घशात अडकला.

काउंटी कचेरीतला मार्व्ह टोलेफसन समजावतो,
निम्मी शक्यता दाखवा, बास.
छापा-काटा, तेवढीच.

छापा-काटा.
तुला नेलं तेव्हा काचेच्या भांड्यातून
जन्मतारखेची चिठ्ठी काढली होती, मार्व्ह.
शक्यता किती, कुणी विचारलं नव्हतं.
सरकारचं मीठ खाल्लं, त्या मिठाला हा जागला.
मग त्या माशाला कोण जागणार?

त्याला ऐकू जाईल असं बोलले नाही मी यातलं काही.
त्याच्या टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांचा वाडगा होता,
एक घेतली.

रकान्यात लिहिलं:
एकाहत्तर साली. जेवणाच्या वेळी. भूक लागली होती.
अक्षरं चौकटीबाहेर गेली, समासात.
असं चालत नाही हो, मार्व्ह म्हणाला,
आणि उठून त्याची झेरॉक्स काढायला गेला.
दोन प्रती.