राख लागली की हळू

जागा शोधायची म्हणजे आधी उकिरडा कुठं होता ते शोधायचं.
घर कुठं होतं ते कुणीही सांगतं,
घर कागदावर येतं.
उकिरड्याचा उतारा निघत नाही.

हे सटुप्पा मुचंडीकरांचं पहिलं वाक्य.
गोळीसोड्याच्या कारखान्यात बाटल्या धुण्यात चाळीस वर्षं गेली,
डाव्या हाताची दोन बोटं एका बाटलीनं नेली,
आणि पेन्शन म्हणून हा नाद राहिला.
मी विजेचे मीटर वाचणारा.
लोकांच्या मागच्या दारानं आत जायचा मला परवाना,
म्हणून त्यांनी मला धरलं.

कॅम्पातल्या बंगल्यांमागं बघ, म्हणायचे,
स्वयंपाकघरापासून पन्नास पावलं,
वास घरात येणार नाही अशा अंगाला, उताराकडं.
साहेब असो की खानसामा,
घाण टाकायला चढ कोण चढतंय?
एरंड विनाकारण माजलाय तिथं बघ.
घुशीनं बीळ उकरलं असेल तर वाक,
तिनं फुकटात काम केलेलं असतंय,
कोळसा, बशीचा कपचा, हाडाचं बटण.
बुजवलेली विहीर सोडायची नाही.
देवाची जागा धरायची नाही.
मिलिटरीच्या तारेच्या आत तर बघायचंसुद्धा नाही.
खरं मान वळतीच, ती वळू दे.

पहार नको. वाकडं खुरपं,
आणि राख लागली की हळू.

अशानं काय काय निघालं.
शाईची दौत, तळाला शाई वाळून नखाएवढी.
औषधाची बाटली, अंगावर डोसांच्या रेघा,
डाग तिसऱ्या रेघेपाशी थांबलेला.
माणूस बरा झाला असेल. किंवा नसेल.
खानापूरकडं एका कौलांच्या भट्टीमागं
सोड्याची निम्मी बाटली, गोळी अजून गळ्यात हलती,
काचेतून उठलेली अक्षरं 'बेळ',
पुढचं फुटलेलं.
सटुप्पांनी त्या तुटीवरनं अंगठा फिरवला.
पुढं काय होतं ओ, मी विचारलं.
"माझी दोन बोटं," म्हणाले,
आणि हसता हसता खोकले.

आता सटुप्पा नाहीत, वही आहे.
वहीत सगळी अंतरं पावलांत.
त्यांची पावलं माझ्याहून आखूड,
म्हणून मी दर ठिकाणी जरा पुढं जाऊन खणतो
आणि मग मागं येतो.

शेवटची नोंद लोंढ्याची.
रेल्वेची जुनी घरं, इंजिनांची राख ओतायचे ती कड,
आणि परसात कोंबड्यांमागं एस्पेरान्साबाई फुर्तादो.
"खण, खरं खड्डा बुजवून जा."
दुपारी कपभर चहा पायरीवर ठेवला नि तिथंच बसल्या.
बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
"निळी मिळाली तर सांग."

मिळाली. कमरेइतक्या खोल, खंगरांच्या थराखाली.
सहा बाजू, अंगावर दाट उभ्या कण्या,
अंधारात हाताला कळावं की हे औषध नव्हे.
बूच जागेवर. बुचावर लाख.
आत गळ्यापर्यंत भरलेलं.

बाईंनी ती झग्याला पुसली, उन्हात धरली.
"आई म्हणायची, मी न उघडताच फेकली.
घरात कुणी खरं मानलं नाही.
पप्पा तर तिच्या हातचं पाणी प्यायचे नाहीत."
लाखेवर नख लावून बघितलं त्यांनी,
आणि लगेच काढलं.

बाजारात हिचं काय येतं ते मला ठाऊक होतं.
त्या म्हणाल्या, ठेव परत.
ठेवली. बूच वर करून, राख, खंगर, माती,
वर पाय देऊन दाबलं.
कोंबड्या लगेच आल्या.

घरी येऊन वहीतलं ते पान काढलं.
खोडलं नाही.
एक आकडा तेवढा बदलला.

कॅम्पातली जागा पाहिजे तर सांगतो.
दसऱ्यानंतर या, माती तोवर ओली असतीय.
खुरपं आपापलं आणा.