अमोनियाची बाटली

माझी ऑर्डर तीस एप्रिलला संपते.
साडेपाचला मी नोकरीत असते,
पाच एकतीसला नसते.
मधलं ते मिनिट कुठल्या दारानं जातं,
अकरा वर्षं बघतेय, अजून सापडलं नाही.

शिंदखेड्याच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत
मी परिचर. अकरा महिन्यांची.
मे माझा नाही. त्याला कागदावर
तांत्रिक खंड म्हणतात.
मे महिन्यात बुराईला थेंब नसतो,
तरी पुलावर कुणालाही विचारा, नदी कुठंय?
हात खालीच दाखवतील.

हिशेब मी केलाय.
अकरा गुणिले अकरा, एकशे एकवीस महिने.
दहा वर्षं, आणि वर एक महिना.
नियमाला दहा सलग लागतात.
माझ्याकडे सगळी मोड आहे,
नोट नाही.

युवराज दोंडाईचाला, मिरचीच्या पथारीवर.
त्याचा हंगाम डिसेंबर ते मार्च.
दोन्ही कॅलेंडरं एकावर एक ठेवून उजेडाला धरली
तरी मे महिन्यातून आरपार दिसतं.

यंदा नुसता खंड नाही,
यंदा नियमच बदलले म्हणे.
माणसं आता एजन्सी देईल,
पगारही तीच, कापून.
हेडक्लार्क नानांनी परिपत्रक दोनदा वाचलं,
चष्मा कपाळावर सरकवला:
माले बी समजनं नई वं बहीन.
शेवटच्या पानावर तीन रकाने.
कुशल, अर्धकुशल, अकुशल.
परिचर तिसऱ्यात.

मी काही बोलले नाही.
रात्री भाकरी थापताना मात्र
मनातल्या मनात पहिल्या रकान्यात जाऊन उभी राहिले.
चिठ्ठी गळून पडलेली बाटली
बूच काढल्यावर धूर कसा वळतो त्यावरून ओळखते.
पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नाही,
ह्या एका वाक्यावर दर वर्षी
शंभरेक पोरांचे डोळे शाबूत राहतात.
गावित सर, नंदुरबारहून पॅसेंजरनं येणारे,
तेही तासावारी,
म्हणतात, द्रावण तुम्हीच करा ताई,
माझं काही नॉर्मल होत नाही.
परीक्षा सुरू झाली की त्यांचा तास नसतो,
तास नसला की पैसे नसतात,
तरी वर्गावर उभे असतात.
का, विचारलं तर म्हणाले,
दिसलो नाही तर विसरतील.

भाकरी करपली. युवराजनं खाल्ली, मुकाट.

बारा मेला पारा पंचेचाळीसवर.
वरच्या फळीवरची अमोनियाची बाटली
अशा उन्हात आतून रेटायला लागते,
बूच उडवते, धरणाऱ्याच्या तोंडावर.
तिला खंड ठाऊक नाही.
चावी माझ्याकडेच होती.
कुणी मागितली नाही, मी दिली नाही.
ह्याला काय म्हणायचं, ते परिपत्रकात नव्हतं.

गोणपाट भिजवला, माठाला बांधतात तसा
बाटलीभोवती बांधला.
वाळला की परत.
चार वाजले त्यात.
वॉचमन सुकलाल दारातून डोकावला,
हजेरी कोठे लावशी वं ताई?
मला हसू आलं. त्यालाही. मग दोघांचंही थांबलं.

चिठ्ठी पिवळी पडली होती. वाफेपुढे शाई टिकत नाही.
नवी चिकटवली:
अमोनिया. उघडण्याआधी थंड करा.
आणि खाली, सवयीनं, बारीक अक्षरात,
१२ मे.

हात थांबला.
शेजारच्या बाटल्या एकेक फिरवून पाहिल्या.
ईथर, १९ मे.
नायट्रिक, ४ मे.
ब्रोमीन, २७ मे, त्या वर्षी भाऊ वारला होता.
वेगवेगळ्या सालांचे मे,
सगळे माझ्या अक्षरात.

पुरावा म्हणून हे कोण धरणार?
वकिलाकडे न्यायचं म्हटलं
तर वाटेतच फुटतील.

जूनमध्ये बोलावलं तर जाईन.
एजन्सीचा कागद आला तर
आधी युवराजला वाचून दाखवीन.
काहीच आलं नाही
तर चावी नानांच्या टेबलावर ठेवीन
आणि एवढंच सांगेन:
वरच्या फळीवरची तिसरी,
नव्या माणसाला सांगा,
आधी थंड कर म्हणावं.