बारा सेकंद

ते गाणं तुम्ही ऐकलंय.
दुसऱ्या अंतऱ्यानंतर सगळी वाद्यं दम खातात
आणि एकटी गिटार बोलते,
बारा सेकंद.
तो आमचा सुपडू.

कव्हरवर फोटो दुसऱ्याचा.
त्याचा त्या रात्री अंगठा सुजला होता म्हणे,
किंवा विमान चुकलं होतं.
सुपडू दर वेळी वेगळं कारण सांगतो,
ज्यात कुणालाच दोष लागत नाही असं.

अडावदचा. आधीची दोन पोरं गेली
म्हणून याला सुपात घालून पाखडलं, म्हणून हे नाव.
बाप रोजाने केळी कापायचा.
घरातल्या प्रत्येक सदऱ्यावर चिकाचे डाग,
साबणाने न जाणारे, रॉकेलनेही न जाणारे.
याच्या शाळेच्या सदऱ्यावरसुद्धा,
कारण तो आधी बापाचा होता.

आमच्या न्यू सातपुडा बँजो पार्टीत मी कॅसिओवर.
हा वायरी गुंडाळायला आला, चौदाव्या वर्षी.
चोपड्याला फत्तूमिस्त्रीच्या रेडिओ दुरुस्तीत
एक गिटार लटकलेली, पाच तारांची.
सहावीच्या जागी याने सायकलच्या ब्रेकची तार ओढली.
ती सुरात कधीच आली नाही.
तिला टाळायला शिकता शिकता
बाकी सगळं शिकला.

हळदीला आहिराणी, वरातीला पोरं मागतील ते.
आणि पहाटे नवरीची आई रडायला लागली की
काहीतरी सावकाश,
तिच्या हुंदक्याच्या अर्धं पाऊल मागे.

मग गेला.

कुठल्याशा बँडच्या गिटारवाल्याला कावीळ झाली.
याने भुसावळ ते हावडा, वरच्या बर्थवर,
बावीस गाणी बोटांनी चादरीवर पाठ केली.
गिटार काढली नाही,
खालच्या काकांना झोप हवी होती.
तिथून शिलाँग, कोची, मस्कत.
एकदा ओस्लोहून रात्री अडीचला फोन:
"कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा, तेल, आणि तिसरं काय रे?
ड्रमरला सांगतोय, आणि आठवत नाही."
मी म्हटलं, कांदा, गधड्या.

मेटलवाल्यांत केस मोकळे सोडून,
चर्चच्या कॉयरमागे गळ्यापर्यंत बटणं लावून,
गझलेला नायलॉनच्या तारा.
ठिबकच्या नळ्यांची ती जाहिरात आठवते?
त्यातलं टिप टिप टिप,
तेही हाच.

पैशांच्या पाकिटावर नाव लिहिलेलं असायचं:
गिटार.
घाईत असले तर नुसतं "गि."

एकदा मी चिडून विचारलं,
अरे, पण तुझं स्वतःचं असं कोणतं?
तो तार पुसत होता. म्हणाला,
"ट्रक भरताना आबा कधी बघायचे का,
कुणाच्या बागेतला घड?
खालच्याला वरचा लागू नये, एवढंच बघायचे."
मला पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही.
मंडपाच्या दुकानात बसून
मी कधी कधी ते गाणं लावतो
आणि गिऱ्हाइकाला गप्प करतो, बारा सेकंद.

यंदा कानबाईच्या रोटांना आला.
केस पांढरे, डाव्या करंगळीला मुंग्या येतात म्हणाला.
रात्री बाया गायला बसल्या.
त्यांची पट्टी काळी चार आणि काळी पाचच्या मधे कुठेतरी;
माझ्या कॅसिओवर ती जागाच नाही,
मी हात बांधून बसलो.
याने दाराशी बसून सहाही तारा
केसभर सैल केल्या
आणि शिरला आत.

जरा वेळाने एका म्हातारीने गाणं थांबवलं.
"तू कोना आंडोर शे रे?"
त्याने बापाचं नाव सांगितलं.
"बरं. मंग जरा हयू वाजाड, भाऊ.
आम्हले आमनंच गानं आयकू येत नही."

सुपडूने मान डोलावली.
त्यानंतर गिटार मला ऐकू आली नाही.
बायांचा आवाज मात्र
जरा रुंद झाला होता.